फ्रेंचमधून अँथ्रोपॉलॉजी करायचीय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

दर डिसेंबर-जानेवारीत मला फोन यायला लागतात. कुणाच्या तरी मावशीच्या शेजारची मुलगी बारावीला असते, तिने फ्रेंच घेतलेलं असतं आणि तिला "ते काहीतरी माणसांचं शास्त्र" करायचं असतं, तू मॉन्ट्रियलला तेच केलंस ना, मग जरा बोल तिच्याशी. बोलते मी, पण तेच तेच सांगून घसा बसला म्हणून आता एकदाच लिहून काढतेय. मी पुण्याची, ग्रॅज्युएशन कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलमध्ये, सगळं फ्रेंचमधून. जे माहितीये तेच लिहिलंय.

अँथ्रोपॉलॉजी म्हणजे नक्की काय? डायनासोर का?

नाही! डायनासोर नाहीत. माझा मामा अजून विचारतो. मराठीत मानवशास्त्र किंवा मानववंशशास्त्र. मॉन्ट्रियलच्या युनिव्हर्सिते द माँरेआलमध्ये (सगळे युदेएम म्हणतात) त्याच्या चार शाखा शिकवतात: एथ्नॉलॉजी म्हणजे लोक कसे राहतात, लग्नं कशी करतात, देवाला काय वाहतात वगैरे, मग आर्किओलॉजी, मग बायोअँथ्रो म्हणजे हाडं, उत्क्रांती, माकडं, आणि भाषेची शाखा. फ्रान्समध्ये असं चारही एकत्र सहसा मिळत नाही, तिथे उत्खनन एका डिपार्टमेंटला आणि एथ्नॉलॉजी दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये. चार शाखांचा हा प्रकार मुळात अमेरिकन, तिथल्या मानवशास्त्राचा पाया घालणाऱ्या फ्रान्झ बोआसच्या परंपरेतला, आणि तो बोआस 1883 मध्ये कॅनडातल्याच बॅफिन बेटावर इनुइट म्हणजे तिथल्या बर्फाळ उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांमध्ये जाऊन राहिला होता. म्हणजे क्वेबेकमध्ये शिकताना साचा अमेरिकन, भाषा फ्रेंच आणि वाचायला दोन्हीकडचं. मला ही खिचडी फार आवडली.

त्याच शहरात मॅकगिल आहे, कॉन्कॉर्डिया आहे, इंग्लिशमधून करता येतं. मग फ्रेंचचा हट्ट कशाला?

हा प्रश्न बाबांनी तीन महिने रोज विचारला. आधी खरं उत्तर: मला फ्रेंच येत होतं आणि वाया घालवायचं नव्हतं. पण तिथे गेल्यावर कळलं की हा विषय परक्या भाषेत शिकण्यात एक वेगळीच मजा आहे. पहिल्या वर्षी शिकवतात की मानवशास्त्रज्ञ परक्या लोकांत जातो, त्यांची भाषा शिकतो, चुका करतो, लोक हसतात, आणि त्या चुकांमधूनच त्याला समाज कळतो. वर्गातली बाकीची मुलं हे वहीत लिहून घेत होती, आणि मी त्याच दिवशी सकाळी कॅफेत काहीतरी भलतंच मागून बसले होते. मला वेगळं फील्डवर्क करायची गरजच नव्हती, ब्रेड आणायला गेलं तरी फील्डवर्क.

आणि असं करणारी आपण पहिली नाही हो. इरावती कर्वे 1920च्या दशकात पुण्याहून बर्लिनला गेल्या आणि जर्मनमधून मानवशास्त्रात डॉक्टरेट केली, कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेवर. त्यांचे गाइड ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे, त्यांना वाटत होतं की युरोपियन कवट्यांमध्ये फरक निघेल. बाईंनी मापं घेतली आणि सरळ लिहिलं की तसं काही दिसत नाही. परक्या भाषेत, परक्या देशात, गाइडच्या तोंडावर! मला प्रेझेंटेशनला पाय लटपटायचे तेव्हा मी हे आठवायचे.

महाराष्ट्र बोर्डाची बारावी झाली की थेट पहिल्या वर्षाला घेतात का?

इथे बरेच जण फसतात. क्वेबेकमध्ये मुलं शाळा अकरा वर्षांत संपवतात आणि मग दोन वर्षं सेजेप नावाच्या कॉलेजात जातात, म्हणजे युनिव्हर्सिटीत येईपर्यंत त्यांची तेरा वर्षं झालेली असतात. आपली बारा. म्हणून आपल्याला बहुतेक वेळा आधी एक तयारीचं वर्ष करावं लागतं, आने प्रेपारात्वार म्हणतात. ते धरून चार वर्षं होतात. मुख्य डिग्री तीन वर्षांची, 90 क्रेडिटची.

आणि या डिग्रीला तिथे "बाक" म्हणतात, बाकालोरेआ. फ्रान्समध्ये बाक म्हणजे बारावीची परीक्षा! माझ्या अलियाँसच्या (पुण्यातला फ्रेंचचा क्लास) मॅडमना मी फोनवर आनंदाने सांगितलं की बाक झालं, तर त्या म्हणाल्या अगं तुझी बारावी तर कधीच झाली ना.

पूर्ण अँथ्रो नको असेल तर 60 क्रेडिटची माझर म्हणजे मुख्य विषय आणि 30 ची मिनर म्हणजे जोडविषय असे तुकडे जोडूनही डिग्री करता येते. माझी मैत्रीण भाषाशास्त्र घेऊन तसं करत होती.

फ्रेंच किती यायला हवं? बारावीला मला 96 पडलेत.

अभिनंदन, पण ते 96 विसर. ज्युनिअर कॉलेजचं फ्रेंच स्कोअरिंग असतं, पाठ केलेले निबंध आणि फॉर्म भरणे. युनिव्हर्सिटीसाठी साधारण बे-दू म्हणजे बी2 ही पातळी लागते, डेल्फ किंवा टीसीएफसारख्या परीक्षेने ते दाखवायचं. शून्यापासून बी2 पर्यंत यायला क्लासचे साधारण 600 तास धर, म्हणजे अलियाँस फ्राँसेजमध्ये वीकेंड बॅचने गेलीस तर काही वर्षं जातात, म्हणून अकरावीत सुरू केलं तर उशीर झालेला असतो हे मी स्पष्ट सांगते.

आणि बी2 हा उंबरठा आहे, सोफा नाही. बी2 घेऊन मी पहिल्या लेक्चरला बसले आणि दीड तासात मला तारखा आणि "व्वाला" एवढंच कळलं. नोव्हेंबरपर्यंत निम्मं कळायला लागलं. एक दिवस सर काहीतरी विनोद बोलले आणि मी सगळ्यांच्या सोबत हसले, नंतर नाही, सोबत. घरी येऊन आईला फोन केला होता त्या दिवशी.

क्वेबेकचं फ्रेंच वेगळं असतं म्हणे?

असतं, आणि क्लासमध्ये कुणी सांगत नाही. पुण्यात शिकून मालवणात उतरल्यासारखं होतं. "मग" ला "फाक", "आणि" ला "पी", "मी आहे" हे "श्यु". कोपऱ्यावरचं किराणा दुकान म्हणजे देपानर, पॅरिसमध्ये हा शब्द म्हटला तर लोक समजतील गाडी बंद पडलीये आणि मेकॅनिक पाहिजे. लेक्चरमध्ये बहुतेक जण प्रमाण भाषा बोलतात, पण ग्रुपवर्कमध्ये मुलं सुसाट सुटतात. तेव्हा बिनधास्त म्हणायचं, परत सांग.

अजून एक धक्का म्हणजे तू-तुम्ही. आपल्याला शिकवलेलं असतं की मोठ्यांना "वू" म्हणजे अहो-जाहो. आणि तिथे बरीच मुलं प्रोफेसरला सरळ "त्यु" म्हणतात, अरे-तुरे! साठीच्या बाईंना! मला जमेना. शेवटी त्याच हसून म्हणाल्या तू मला वू म्हणतेस तर मला म्हातारं झाल्यासारखं वाटतं. तरी मी शेवटपर्यंत वूच म्हटलं, काही गोष्टी रक्तात असतात.

इंग्लिशवर भागेल या भ्रमात राहू नका. मॉन्ट्रियलमध्ये रस्त्यावर भागतं, वर्गात नाही. तिथे भाषा हा जिव्हाळ्याचा आणि भांडणाचा विषय आहे, 1977 मध्ये त्यांनी लुआ सँ-आँ म्हणजे कायदा क्रमांक 101 करून फ्रेंचला सरकार, शाळा, कामधंदा सगळीकडे पुढे आणलं. दुकानांच्या पाट्यांवरून वाद! मला तर एकदम दादरला आल्यासारखं वाटलं.

अभ्यास किती असतो? आर्ट्स म्हणजे निवांत ना?

(इथे मी खूप वेळ हसले.) एका कोर्सचे 3 क्रेडिट, एका क्रेडिटला 45 तासांचं काम धरतात, वर्ग आणि घरचं मिळून. सत्राला पाच कोर्स घेतले की पंधरा आठवड्यांत आठवड्याला 45 तास होतात, पूर्णवेळ नोकरीच. त्यातले वर्गातले पंधराच, उरलेला वेळ वाचन. आणि वाचन म्हणजे एका विषयाला आठवड्याला दोन-तीन लेख, कधी तीस-चाळीस पानांचे, कधी इंग्लिश, जास्त फ्रेंच. सुरुवातीला मी प्रत्येक शब्द डिक्शनरीत बघायचे आणि रात्री दोनला चौथ्या पानावर असायचे. मग एका सिनिअरने शिकवलं: आधी शेवट वाच, मग प्रस्तावना, मग बघ मधलं वाचायची गरज आहे का. हे ऐकून आमच्या शाळेच्या बाईंना चक्कर आली असती पण जीव वाचला.

मिडटर्मला अँत्रा म्हणतात, शेवटी फिनाल, आणि मध्ये त्राव्हाय द सेसियाँ म्हणजे मोठा पेपर लिहायचा. मध्येच एक आठवडा सुट्टी मिळते, नाव वाचनाचा आठवडा, सगळे झोपतात. लिहिण्यासाठी आँतिदोत नावाचं क्वेबेकचंच व्याकरण तपासायचं सॉफ्टवेअर आहे, ते घ्याच, कारण भाषेच्या चुकांना काही ठिकाणी मार्क कापतात. पण त्यानेही वाक्य मराठीच राहिलं तर राहतंच. माझ्या पहिल्या पेपरवर शेरा होता: व्याकरण बरोबर आहे, पण फ्रेंच असं बोलत नाहीत.

मराठी असल्याचा काही फायदा होतो का?

होतो! आणि मी याच्यावर जरा जास्त लिहिणार आहे कारण हा माझा आवडता किस्सा आहे.

नातेसंबंधांचा तास असतो, ला पाराँते. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी 1949 मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला, लग्न म्हणजे दोन कुटुंबांमधली देवाणघेवाण असं त्यांचं म्हणणं, आणि ते शिकवताना फळ्यावर त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, बरोबरचं चिन्ह म्हणजे लग्न असे तक्ते काढतात. मग येतात कुझँ क्रवाझे आणि कुझँ पारालेल. क्रवाझे म्हणजे आईच्या भावाची किंवा वडिलांच्या बहिणीची मुलं, पारालेल म्हणजे वडिलांच्या भावाची किंवा आईच्या बहिणीची. अख्खा वर्ग डोकं धरून बसला होता. त्यांच्याकडे ऑन्क्ल आणि तांत एवढेच दोन शब्द, आणि सगळी भावंडं कुझँ. त्यांना कळेचना की आईचा भाऊ आणि बाबांचा भाऊ यात फरक कशाला करायचा.

मी हात वर केला. म्हटलं आमच्याकडे काका, मामा, आत्या, मावशी वेगळे, त्यांचे नवरे-बायकाही वेगळे, आणि मुलं चुलत, मावस, आते, मामे. चुलत आणि मावस म्हणजे तुमचे पारालेल, आते आणि मामे म्हणजे क्रवाझे. आणि महाराष्ट्रात बऱ्याच समाजांत मामाची मुलगी केलेली चालते, पण चुलतबहीण म्हणजे बहीणच, तो विचारही नाही. सरांनी खडू माझ्या हातात दिला. मग मी फळ्यावर आमच्या घराचा तक्ता काढला आणि पहिल्यांदाच त्या वर्गात सगळे माझ्याकडून लिहून घेत होते. काढता काढता मलाच कळलं की माझ्या आजोबांच्या आईचं नाव मला माहीत नाही, तो गोल रिकामाच राहिला. संध्याकाळी आत्याला फोन करून विचारलं, तिलाही माहीत नव्हतं.

इरावतीबाईंचं 1953 चं भारतातल्या नातेव्यवस्थेवरचं पुस्तक लायब्ररीतून काढा, त्यात उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला पट्टा म्हणून महाराष्ट्र येतो. आपल्या घरातलीच गंमत पण तिथे ती सिद्धांत म्हणून वाचायला मिळते.

भारताबद्दल काय शिकवतात? राग येतो का?

कधी कधी. फ्रेंच मानवशास्त्रात भारत म्हटलं की लुई द्युमाँ. त्यांचं ओमो हिएरार्किकुस हे पुस्तक 1966 चं, जातव्यवस्था म्हणजे शुद्ध-अशुद्धतेवर उभी राहिलेली उतरंड असा मांडलेला मोठा सिद्धांत. माणूस हुशार, तमिळनाडूत प्रत्यक्ष राहून काम केलेला, पण वाचताना असं वाटतं की सगळा समाज ती उतरंड मान्य करून शांत बसलाय. खालून बघणाऱ्याला ती कशी दिसते हे जवळपास नाहीच. ही टीका माझी एकटीची नाही, बऱ्याच अभ्यासकांनी केलीये आणि वर्गातही ती सांगतात.

मी पेपर लिहिला तो बाबासाहेबांवर. लोकांना माहीत नसतं, पण 9 मे 1916 ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत गोल्डनवायझर यांच्या अँथ्रोपॉलॉजीच्याच सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता, वय 25. जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे असं त्यांनी मांडलं, आणि ते टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा कशा वापरल्या गेल्या तेही दाखवलं. म्हणजे लेव्ही-स्त्रोसच्या तेहतीस वर्षं आधी एक आपला माणूस लग्नाच्या नियमांवरून समाजाची रचना उलगडत होता. माझ्या वर्गात कुणी नावही ऐकलं नव्हतं. आता निदान तीस जणांनी ऐकलंय.

आणि "आँद्याँ" म्हणजे इंडियन या शब्दाची सवय करा, तो दर वेळी आपल्याबद्दल नसतो. जुन्या फ्रेंच पुस्तकांत तो शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी येतो. आता तिथे ओतोक्तोन किंवा प्रमिएर नासियाँ म्हणतात, आणि क्वेबेकमध्ये इनुइट धरून अशी अकरा राष्ट्रं मानतात. यांच्यावर संशोधन करायचं असेल तर आता त्यांची परवानगी, माहिती कुणाच्या मालकीची, कुठे ठेवणार, सगळं आधी ठरवावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीसारखं वही घेऊन गेलो आणि लिहून आलो असं चालत नाही, आणि ते बरंच झालं.

उत्खनन करायला मिळतं का?

मिळतं, फील्ड स्कूल असते उन्हाळ्यात. युदेएमच्या मुलांनी वर्षानुवर्षं प्वाँत-द्यु-ब्युइसाँ इथे खोदलंय, मॉन्ट्रियलच्या नैऋत्येला सेंट लॉरेन्स नदीकाठी, तिथे साधारण 5,000 वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा आहेत. चित्रपटातलं काही नसतं. गुडघ्यावर बसायचं, गवंड्याच्या थापीसारख्या छोट्या थापीने एकेक थर खरवडायचा, माती चाळायची, आणि डास. कोकणातले डास परवडले. दिवसभरात एक खापराचा तुकडा मिळाला तर जेवताना त्याचीच चर्चा.

हाडांची लॅब मला आधी नको वाटत होती, नंतर सगळ्यात जास्त मार्क तिथेच पडले, कारण हाडांची नावं बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेली असतात आणि तिथे सगळेच परके!

खर्च?

बसून घ्या. फ्रेंच नागरिकांना क्वेबेकमध्ये बाकसाठी कॅनडातल्या इतर प्रांतांच्या मुलांएवढीच फी, बेल्जियमच्या फ्रेंच भाषिकांनाही सवलत. आपल्याला नाही. आपण पूर्ण आंतरराष्ट्रीय फी भरतो, वर्षाला 20,000 कॅनेडियन डॉलरच्या वर, राहणं-खाणं वेगळं. युदेएमची फीमाफीसारखी एक स्कॉलरशिप आहे, बुर्स देक्झांप्सियाँ, तिने बोजा कमी होतो पण फुकट होत नाही. कागदपत्रांत आधी क्वेबेकचं से-आ-क्यु म्हणजे प्रांताचं स्वीकृतीपत्र आणि मग कॅनडाचं स्टडी परमिट, दोन वेगळी सरकारं, दोन वेगळ्या फी. एका एजंटने मला पहिल्याबद्दल सांगितलंच नव्हतं, दीड महिना वाया गेला. एजंट नकोच खरं तर, सगळे फॉर्म आपले आपण भरता येतात.

सत्र चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला 24 तास काम करता येतं, हा नियम नोव्हेंबर 2024 पासूनचा. त्यात भाडं निघेल, फी नाही.

मग फ्रान्स स्वस्त नाही का?

आहे, बराच. तिथे 2019 पासून युरोपबाहेरच्या मुलांना सरकारी युनिव्हर्सिटीत वेगळी फी लावली, लिसाँस म्हणजे तिथल्या पहिल्या डिग्रीसाठी आता वर्षाला साधारण 2,900 युरो, आणि काही युनिव्हर्सिट्या त्यातही सूट देतात. तीन वर्षांची डिग्री. नाँतेर, लियोँ 2, स्त्रासबूर इथे विषय चांगला आहे. फक्त तिथली पद्धत वेगळी, मोठ्या सभागृहात लेक्चर, मग छोट्या वर्गात तेदे म्हणजे सरावाचे तास, आणि तुमच्यामागे कुणी लागत नाही, पहिल्या वर्षी खूप मुलं गळतात. पैशाचा प्रश्न असेल तर मी फ्रान्सच सांगेन, उगाच कर्ज काढून मॉन्ट्रियलला जाऊ नका.

थंडी?

उणे वीस. जॅकेट तिथे जाऊन घ्या, इथलं चालत नाही. डिसेंबरात सव्वाचारला अंधार पडतो आणि त्याचा मनावर परिणाम होतो, मस्करी नाही, डॉक्टरला विचारून व्हिटॅमिन डी घ्या. पोहे, हिंग, तूरडाळ पार्क-एक्स्टेन्शन भागात मिळते.

नोकरी मिळते का? खरं सांग.

खरं सांगते: "मानवशास्त्रज्ञ पाहिजे" अशी जाहिरात मी एकदाही पाहिली नाही. पण आर्किओलॉजीवाल्यांना काम मिळतं, कारण तिथे रस्ते, पूल बांधताना जुनं काही सापडण्याची शक्यता असेल तर आधी तपासणी होते. 2015 मध्ये त्युर्को नावाच्या मोठ्या उड्डाणपुलाच्या कामात कातडी कमावणाऱ्यांच्या जुन्या वस्तीचे, ले तान्रीचे, अवशेष निघाले होते, केवढी चर्चा झाली. बाकी लोक सार्वजनिक आरोग्य, स्थलांतरितांच्या संस्था, म्युझियम, सरकारी खाती, आणि आता अॅप बनवणाऱ्या कंपन्यांत युजर रिसर्च असं करतात. बहुतेकांना मास्टर्स करावं लागतं. क्वेबेकचे प्रसिद्ध मानवशास्त्रज्ञ सेर्ज बुशार यांनी डॉक्टरेट केली होती लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरांवर आणि नंतर रेडिओवर नाव कमावलं, म्हणजे वाट सरळ नसते.

मी स्वतः आता दवाखान्यात दुभाषी आणि रिसर्च असिस्टंट असं दोन्ही अर्धं अर्धं करते. बाबा लोकांना सांगतात "मेडिकल लाइनमध्ये आहे".

लॅपटॉप इथून नेऊ की तिथे घेऊ?

इथून न्या. फक्त कीबोर्डची सेटिंग कॅनेडियन फ्रेंच करून ठेवा, अक्षरं आपल्या इंग्लिश कीबोर्डसारखीच राहतात आणि वरच्या मात्रा पटकन टाइप होतात. फ्रान्सला जाणार असाल तर तिथे आझेर्ती, क्यू आणि ए ची अदलाबदल, एम भलतीकडे. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड चुकायला लागला तर आधी कीबोर्ड बघा, मी तीनदा अकाउंट लॉक करून घेतलंय.